दुसरी नळी कोणाची?

"अरे, तोंड एक आणि नळ्या दोन कशाला?" असा प्रश्न आमच्या थोरल्या भगिनीनें आपल्या चिरंजीवांस केला, आणि त्या एका प्रश्नापासून प्रस्तुत लेख जन्मास आला.

प्रसंग असा. आमचा भाचा पुण्यास नोकरीस आहे. समुद्राच्या पोटांत उतरून मासे आणि पोंवळीं पाहण्याचा नाद त्याला तीन वर्षांपूर्वीं लागला. मालवणाजवळ तारकर्ली येथें त्यानें या विद्येचा श्रीगणेशा केला, पुढें अंदमानांत जाऊन शिक्षण पुरें केलें, आणि भाड्याचें सामान तोंडांत धरण्याचा कंटाळा येऊन अलीकडे स्वतःचें सामान घेण्याचें मनावर घेतलें. भाऊबिजेकरितां अक्का आणि तो आमच्याकडे आलीं, तेव्हां पाण्याखालीं श्वास घेण्याचें मुख्य यंत्र त्यानें बरोबर आणलें होतें. तें ओटीवरील सतरंजीवर मांडून, शेजारीं चारपांच किंमतपत्रकें पसरून, त्या यंत्राला जोडावयाचा जादा भाग कोणता घ्यावा याचा तो विचार करीत बसला होता. "जादाच तो, स्वस्तांतला घेतला तरी चालेल," असें तो म्हणाला, आणि त्यावर अक्कानें वरील प्रश्न केला.

"एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून, आई," भाच्यानें सांगितलें. अक्काचें समाधान झालें. आमचें मात्र झालें नाहीं; कारण अंदमानांत त्याच्यावर गुदरलेला एक प्रसंग त्यानें आम्हांस एकांतीं सांगितला होता, आणि तो या उत्तराशीं जुळत नव्हता. तो पुढें येईलच. सुटींत घरांतील मुलें समुद्रावर जाऊन असले छंद करूं लागण्याचे दिवस आले आहेत. सामान त्यांनीं निवडावयाचें आणि पैसे बहुधा वडील मंडळींनीं द्यावयाचे, असा प्रकार असल्यामुळें वडील मंडळींनींहि या विषयाची थोडी माहिती करून घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम यंत्र काय आहे तें पाहूं. पाणबुड्या पाठीवर जें नळकांडें बांधतो त्यांत बहुधा साधी हवाच असते. शुद्ध प्राणवायु असतो हा पुष्कळांचा समज चुकीचा आहे. बारा लिटर पाणी मावेल एवढ्या नळकांड्यांत २०० बार दाबानें सुमारें २४०० लिटर हवा कोंबलेली असते. एवढ्या दाबाची हवा थेट तोंडांत घेणें शक्य नाहीं, म्हणून ती दोन पायऱ्यांनीं उतरवितात. नळकांड्याच्या तोंडाशीं बसविलेला पहिला भाग तिचा दाब भोंवतालच्या पाण्याच्या दाबाहून नऊदहा बार अधिक, इतक्यावर आणतो. तेथून निघालेल्या नळीच्या टोंकाला वाटीसारखा दुसरा भाग असतो. तो दांतांत धरावयाचा. या वाटींत एक लवचीक पडदा असतो. आपण श्वास ओढला कीं पडदा आंत येतो, त्याला टेकलेली तरफ दबते, झडप उघडते आणि भोंवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा तोंडांत येते. ओढणें थांबलें कीं झडप मिटते. उच्छ्वास एका पातळ रबरी झडपेवाटे बुडबुड्यांच्या रूपानें निघून जातो. या सर्व जोडणीस रेग्युलेटर म्हणतात. आपण श्वासनियामक म्हणूं.

संध्येच्या निमित्तानें ज्यांस पूरक, कुंभक आणि रेचक यांची ओळख आहे त्यांस येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पाण्याखालीं पूरक चालेल, रेचक चालेल. कुंभक मात्र सर्वथा वर्ज्य. दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथें छाती भरून घेतलेली हवा कोंडून कोणी वर येऊं लागला तर ती वाटेंत दुपटीनें फुगते आणि फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. म्हणून श्वास कधींहि रोखूं नये, हा या विद्येचा पहिला नियम आहे. परंतु नियम पाळावयाचा तर तोंडाशीं हवा अखंड पाहिजे. ती कोणत्याहि कारणानें नाहींशी झाली तर काय करावयाचें, या प्रश्नांतून जादा नियामक निघाला.

तो निघावयास बराच काळ लागला. श्वास ओढतांच हवा देणाऱ्या यंत्राची कल्पना फ्रान्समध्यें रूकेरोल नांवाच्या खाणींच्या इंजिनियरानें काढली. दूषित वायूनें भरलेल्या खाणींत शिरून माणसें वांचवितां यावीं हा त्याचा हेतु होता. पुढें दनेरूझ या आरमारी अधिकाऱ्याच्या साह्यानें १८६४ सालीं तें यंत्र पाण्याखालीं नेण्याजोगें झालें. जूल व्हर्नच्या समुद्रतळाच्या सफरीवरील कादंबरींत कॅप्टन नेमो व त्याचे सोबती याच दोघांच्या नांवाचें यंत्र पाठीवर घेऊन फिरतात. पण अतिशय दाबाची हवा सांठविणारीं नळकांडीं त्या काळीं होत नसत, त्यामुळें यंत्र मागें पडलें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलच्या टंचाईमुळें फ्रान्समध्यें मोटारी गॅसवर चालवीत. त्या कामाकरितां केलेल्या झडपेंत फेरफार करून एमिल गान्यां हा इंजिनियर आणि जाक् कूस्तो हा नौदलाचा अधिकारी यांनीं १९४३ सालीं आजच्या यंत्राचा पूर्वज सिद्ध केला.

त्यांच्या यंत्रांत सर्व झडपा पाठीवरच असत आणि दोन जाड सुरकुतलेल्या नळ्या दोन्ही खांद्यांवरून तोंडाशीं येत, एक श्वासाची व एक उच्छ्वासाची. सोबत्याची हवा संपली तर आपल्या तोंडांतील नळी काढून त्याच्या तोंडांत द्यावयाची, त्यानें दोन श्वास घेऊन ती परत द्यावयाची, मग आपण दोन घ्यावयाचे. असें करीत दोघांनीं वर यावयाचें. तलावांत ही कवाईत सुरेख जमे. खऱ्या संकटांत, ज्याला पहिला श्वास मिळाला तो नळी परत देईलच असें सांगवत नसे. १९५२ सालीं मेलबोर्न येथील टेड एल्ड्रेड यानें एकाच नळीचें यंत्र विक्रीस आणलें. त्यांत पहिली पायरी नळकांड्याशीं आणि दुसरी तोंडाशीं अशी वांटणी झाली. एकदां ही वांटणी झाल्यावर पहिल्या पायरीस आणखी एक भोंक पाडून त्यांतून दुसरी नळी काढणें सोपें होतें. त्या दुसऱ्या नळीवरील नियामकास पाणबुडे लोक 'ऑक्टोपस' म्हणतात, कारण चोहोंकडे नळ्या सुटलेली ती पहिली पायरी आठ पायांच्या त्या प्राण्यासारखी दिसते. मोजूं गेल्यास नळ्या बहुधा चारच भरतात. परंतु नांवें ठेवणाऱ्यांनीं मोजदाद कधीं केली आहे?

आतां अक्काच्या प्रश्नाकडे येऊं. एक बिघडली तर दुसरी, हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. दोन्ही नळ्या एकाच नळकांड्यांतून हवा घेतात हें लक्षांत ठेविलें पाहिजे. नळकांड्यांतील हवा संपली तर पहिली जितकी कोरडी तितकीच दुसरीहि कोरडी. पहिली पायरी बिघडली तर दोन्ही एकदमच जातात. तोंडाशीं असलेला भागच बिघडला तर दुसऱ्याचा उपयोग होतो खरा. पण आजकालचे बहुतेक नियामक असे रचलेले असतात कीं बिघडले तर झडप मिटून न बसतां उघडी राहते आणि हवा भळभळां वाहूं लागते. दुसरी नळी तोंडांत घेतली तरी पहिलींतून नळकांडें रितें होतच असतें. तेव्हां ताबडतोब वर येणें हाच उपाय. सारांश, जादा नियामक आपल्या उपयोगीं क्वचित् पडतो. तो मुख्यतः दुसऱ्याकरितां बाळगावयाचा आहे. ज्याची हवा संपली आहे आणि ज्याला विचार करण्यास सवड नाहीं, अशा माणसाच्या आयुष्यांतील सर्वांत वाईट मिनिटाकरितां तो आहे.

अंदमानांत झालें तें असें. स्वराज द्वीपाजवळ अठरा मीटर खोलीवर भाचा एका पोंवळ्याच्या खडकाशीं मासे पाहत होता. एकाएकीं दुसऱ्याच तुकडींतील एक अनोळखी गृहस्थ डोळे विस्फारून त्याच्यावर चाल करून आला आणि त्यानें भाच्याच्या तोंडांतील नियामक ओढून काढून आपल्या तोंडांत घातला. शिक्षण देतांना गळ्यावरून आडवा हात फिरवून खूण करावी, मग सोबत्यानें आपला जादा नियामक पुढें करावा, असें सांगतात. त्या गृहस्थानें खूण केली नाहीं. पिंवळी नळी त्यानें शोधली नाहीं. ज्या नळींतून बुडबुडे येत होते, म्हणजे जी चालू आहे अशी त्याची खात्री होती, तीच त्यानें धरली. आणि त्यांत त्याला दोष देववत नाहीं. भाच्यानें आपला जादा नियामक चांचपला, तो जागेवर नव्हता. पाठीमागें कोठें तरी लोंबत होता. शेवटीं हातीं लागला तो तोंडांत घालून पहिला श्वास घेतला तों अर्धी हवा आणि अर्धें खारें पाणी! उच्छ्वासाच्या झडपेखालीं वाळू अडकून ती मिटत नव्हती. मधलें बटण दाबून वाळू उडविण्याचें त्याला सुचलें, म्हणून निभावलें. दोघे एकमेकांचे दंड धरून वर आले. सामान भाड्याचें होतें. दुकान कोणतें हें लिहिण्याचें कारण नाहीं. भाच्यानेंहि उतरण्यापूर्वीं ती दुसरी नळी एकदां तोंडांत धरून पाहिली नव्हती हें तो स्वतःच कबूल करतो.

हा प्रसंग आम्हीं ओटीवर काढला तेव्हां भाचा थोडा वरमला, आणि अक्का बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें किंमतपत्रकें आपल्याकडे ओढून चष्मा लावला. "आतां नीट सांग," ती म्हणाली, "कोणता चांगला तो." तेथून पुढचे चार दिवस आमच्या घरीं दुसरा विषय नव्हता.

पहिली गोष्ट आम्हांस अशी कळली कीं, जादा नियामकाची परीक्षा एकट्याची करून भागत नाहीं. तो ज्याला जोडावयाचा ती पहिली पायरी कशी आहे हें आधीं पाहिलें पाहिजे. पहिल्या पायऱ्या दोन जातींच्या असतात, संतुलित आणि असंतुलित. असंतुलित पायरी स्वस्त, साधी व दणकट असते. पण नळकांड्यांतील दाब उतरूं लागला कीं तिच्यांतून श्वास ओढणें जड होत जातें. संतुलित पायरी जवळजवळ शेवटपर्यंत सारखीच हवा देते. आतां संकट केव्हां येतें? बुडीच्या अखेरीस, नळकांडें रिकामें होत आलेलें असतां. आणि तेव्हां एका पायरीवर दोन माणसें ओढीत असतात, दोघेंहि धापा टाकीत.

थोडा हिशेब करून पाहावा. शांतपणें पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटास सुमारें वीस लिटर हवा घेतो. घाबरलेला तीस किंवा त्याहूनहि अधिक. तीसच धरूं. तीस मीटर खोलीवर दाब चौपट, म्हणून हवाहि चौपट लागते. एकास १२० लिटर, दोघांस २४०. नळकांड्यांत ५० बार शिल्लक असतील तर हवा झाली ६०० लिटर. म्हणजे तळाशीं दोघांना मिळून अडीच मिनिटें. वर येण्याचा सुरक्षित वेग मिनिटास नऊ मीटरच्या आसपास मानतात, तेव्हां तीस मीटर येण्यास तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागणार. वाटेंत दाब कमी होत जातो म्हणून सरासरी मिनिटास १५० लिटर धरले तरी ५०० लिटर खर्च झाले. उरले शंभर. पांच मीटरवर तीन मिनिटें थांबण्याचा जो प्रघात आहे त्याला दोघांस २७० लिटर पाहिजेत. ते कोठून आणावयाचे? हा हिशेब अक्कानें दिनदर्शिकेच्या पाठीमागें स्वतः मांडला आणि भाच्यास विचारलें, "पन्नास उरेपर्यंत खालीं राहतां कशाला?" या प्रश्नाला उत्कृष्ट नियामकापाशींहि उत्तर नाहीं. सामान कितीहि चांगलें असलें तरी शिल्लक अधिक ठेवून वर येणें हाच पहिला उपाय आहे.

दुसरी गोष्ट छापाची. युरोपांत श्वासनियामकांस ईएन २५० नांवाचें मानक लागू आहे. त्यांत ५० मीटर खोलीइतक्या दाबाखालीं यंत्राकडून मिनिटास ६२.५ लिटर श्वासोच्छ्वास करवून तो किती जड जातो हें मोजतात. २०१४ सालच्या आवृत्तीपासून, दोन पाणबुड्यांनीं एकाच वेळीं वापरण्यास जी जोडणी योग्य ठरली असेल तिच्यावर त्या आंकड्यापुढें 'ए' हें अक्षर असतें. जादा नियामक घेणाऱ्यानें हें अक्षर अवश्य पाहावें. त्याच मानकाप्रमाणें 'दहा अंशांहून अधिक' अशी खूण असेल तर तें यंत्र थंड पाण्याकरितां नव्हे असें समजावें. प्रसरण पावणारी हवा थंड होते, आणि थंड पाण्यांत ती इतकी गारठते कीं झडपेशीं बर्फ धरून हवा वाहूं लागते. आपल्या समुद्रांत ही भीति नाहीं. पण ज्यांचीं मुलें इंग्लंड-कॅनडांतील सरोवरांत उतरतात त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

तिसरी गोष्ट नळीची. नेहमींची नळी पाऊण मीटरच्या आंतबाहेर असते. जादा नळी सुमारें एक मीटर, आणि पिंवळ्याधमक रंगाची. कारण पाण्याखालीं तांबडा रंग लवकर काळवंडतो, पिंवळा पुष्कळ वेळ ओळखूं येतो. ती जेथें ठेवावयाची ती जागा म्हणजे हनुवटी आणि दोन्हीकडील खालच्या बरगड्या यांमधील त्रिकोण. समोरच्यास ती दिसली पाहिजे आणि एका हिसक्यानें सुटली पाहिजे. खिशांत कोंबलेली नको, लोंबती तर नकोच नको. लोंबती नळी वाळूंतून खरडत जाते, आणि मग काय होतें तें वर आलेंच आहे. बाकी नळीचें कापड रबराचें कीं विणलेलें, यावर दुकानदार पुष्कळ बोलतात. आम्हांस त्यांत फारसा अर्थ दिसला नाहीं.

झडपेच्या बेतण्याविषयीं मात्र थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे, कारण खरी फसगत येथें होते. तोंडांत नसलेला नियामक प्रवाहांत किंवा पाण्यांत उडी टाकतांना आपोआप वाहूं लागण्याचा संभव असतो. तसें होऊं नये म्हणून जादा नियामकाची झडप मुद्दाम थोडी ताठ ठेवितात. हें योग्यच आहे. परंतु 'थोडी' या शब्दाला मर्यादा आहे. चांगल्या नियामकाची झडप उघडण्यास पाण्याच्या स्तंभाच्या २५ ते ४० मिलिमीटरांइतकी ओढ पुरते, म्हणजे सरबताच्या पेल्यांतील नळी चार बोटेंहि बुडवून ओढावी लागूं नये इतकी. कांहीं स्वस्त जादा नियामक याहून बरेच जड ठेविलेले आढळतात. स्वस्थ बसलेल्या माणसास त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. घाबरलेल्याला मात्र वाटतें कीं हवा येतच नाहीं. तो तो नियामक थुंकून टाकतो आणि पुन्हां देणाऱ्याच्या तोंडाकडे झेप घेतो. बाहेरून फिरविण्याची कळ असलेला नियामक घ्यावा, पोहतांना ती ताठ ठेवावी, देतांना सैल करावी, असें कोणी सुचवितात. ही सूचना आम्हांस कागदावरची वाटली. त्या घाईंत कळ कोण फिरवणार?

आकाराचाहि विचार आहे. सर्वसाधारण नियामकाची नळी उजव्या अंगानें येते, आणि उच्छ्वासाची झडप खालीं असेल तेव्हांच तो कोरडी हवा देतो. उलटा धरला तर पाणी येतें. समोरासमोर तोंड केलेल्या माणसास दिल्यास नळीला वांकडा पीळ पडतो. कांहीं जादा नियामकांत झडप बाजूस ठेवून दोन्ही अंगांनीं सारखाच चालेल अशी रचना असते. गडबडलेल्या माणसाच्या हातीं जावयाच्या वस्तूला उलटसुलट नसावें हें केव्हांहि चांगलें. याशिवाय रबरी माउथपीस चिरलेला नाहींना, त्याला आंवळणारी पट्टी जागेवर आहे ना, हें दर खेपेस पाहावें. ती पट्टी निघाली तर ओढतांच नियामक हातांत येतो आणि रबर तेवढें तोंडांत राहतें.

एक निराळी जात अशी आहे कीं तींत जादा नियामक तरंगण्याच्या जाकिटाच्या हवा भरण्याच्या नळीलाच जोडलेला असतो. एक नळी वांचते, लोंबत कांहीं राहत नाहीं, आणि अंधारांतहि सांपडतो. पण ती नळी इतकी आंखूड कीं दुसऱ्यास देतां येत नाहीं. म्हणून आपल्या तोंडांतील नियामक द्यावयाचा आणि आपण जाकिटावरचा घ्यावयाचा. शिवाय वर येतांना त्याच नळींतून जाकिटांतील फुगलेली हवा सोडावी लागते, म्हणजे जें तोंडांत तेंच हातानें वर धरावयाचें. सरावानें जमतें म्हणतात.

फ्लॉरिडांतील जलमय गुहांत पोहणाऱ्यांनीं या प्रश्नाचें जें उत्तर काढलें तें आम्हांस सर्वांत पटलें. तेथील वाटा कोठें कोठें इतक्या अरुंद कीं दोघांस बरोबरीनें पोहतां येत नाहीं. एकामागून एक जावें लागतें. म्हणून त्यांची मुख्य नळी सात फूट, म्हणजे सव्वादोन मीटरांच्या आसपास, लांब असते. तोंडांतून काढून तीच सोबत्यास द्यावयाची. जादा नियामक आंखूड नळीवर, रबरी दोरीच्या गळपट्टीनें हनुवटीखालीं अडकविलेला. मान लववितांच तोंडांत येतो. संकटांत सांपडलेला माणूस तोंडांतील नियामकच ओढणार हें त्यांनीं गृहीत धरलें आहे, आणि जो नियामक आतांच चालू होता, ज्यांत वाळू नाहीं, जो जड नाहीं, तोच त्याला मिळतो. हें ऐकून अक्का हंसली. "म्हणजे पहिली नळी दुसऱ्याची आणि दुसरी आपली," ती म्हणाली. अगदीं तसेंच. आणि असें एकदां ठरलें कीं दुसरी स्वस्तांतली घेण्याचा विचार भाच्याच्या मनांतून आपोआप गेला.

आपल्या घरांतून पाहुण्याच्या पानांत चांगलें वाढून स्वतः उरलेंसुरलें घेण्याची रीत आहे. दुकानांत मात्र नेमकें उलट घडतांना दिसतें. स्वतःकरितां उत्तम नियामक आणि येणाऱ्याजाणाऱ्याकरितां उरलेल्या पैशांत बसेल तो. दोन्ही एकाच घडणीचे घेतले तर सुटे भाग एक, दुरुस्ती एक, आणि कोणता कोणाच्या तोंडांत गेला याची चिंता नाहीं. पैसे कमी पडत असतील तर दोन्ही मध्यम प्रतीचे घ्यावे.

हवाच संपली तर काय, हा प्रश्न उरतोच. त्याला उत्तर एकच, स्वतंत्र नळकांडें व स्वतंत्र नियामक. अगदीं लहान नळकांडीं बाजारांत मिळतात, त्यांतील मोठ्यांत सुमारें ८५ लिटर हवा असते. तीस मीटरवर घाबरलेल्या माणसास ती चाळीसएक सेकंद पुरेल. याच्या भरंवशावर खोल जाणें धाडसाचें आहे. तीन लिटरच्या नळकांड्यांत २०० बार दाबानें ६०० लिटर मावतात, आणि त्यांतून एक माणूस तीस मीटरवरून मधला मुक्काम करूनहि वर येऊं शकतो. परंतु तें वजन वाहावें लागतें, आणि ज्यांचा सोबती भरंवशाचा आहे व ज्यांची खोली बेताची आहे त्यांस त्याची नेहमींच गरज नसते. भाच्यानें तें घेतलें नाहीं.

निगेविषयीं दोन शब्द. समुद्रांतून आल्यावर नियामक गोड्या पाण्यांत भिजवून धुवावा. पहिल्या पायरीचें झांकण आधीं घट्ट बसवावें, आणि हवेचा दाब नसतांना मधलें बटण पाण्यांत दाबूं नये, नाहींतर पाणी नळींत शिरतें. जाणकाराकडून तपासणी निर्मात्यानें सांगितलेल्या मुदतींत व्हावी, आणि ती करतांना जादा नियामक वगळूं नये. बहुतेक ठिकाणीं तोच वगळला जातो, कारण तो 'वापरलेलाच नसतो'.

भाच्यानें अखेर मुख्य नियामकाच्याच घडणीचा दुसरा घेतला. गुहांत त्याला जावयाचें नसल्यामुळें मुख्य नळी दीड मीटरांची, कांखेखालून घेऊन मानेमागून तोंडाशीं. जादा नियामक गळपट्टीनें हनुवटीखालीं. या व्यवस्थेंत एक अडचण आहे ती सांगितली पाहिजे. बहुतेकांस पिंवळी नळी शोधावयास शिकविलेलें असतें. म्हणून उतरण्यापूर्वीं होडींतच सोबत्यास आपली रीत दाखवून एकदां नळी देऊन पाहावी लागते.

सामान घरीं आलें तेव्हां अक्कानें तें ओटीवर जोडावयास लावलें आणि दोन्ही नियामक आळीपाळीनें तोंडांत धरून श्वास घेतला. "हा जड आहे," हनुवटीखालचा काढून ती म्हणाली. भाच्यास फरक वाटेना. दुकानदारानें मोजलें तेव्हां निघाला. झडप सैल करून मिळाली.

पुढच्या रविवारीं पुण्यांतील पोहण्याच्या तलावांत भाचा व त्याचा मित्र सरावास उतरले. मित्रानें पाठीमागून अवचित येऊन तोंडांतील नियामक ओढावयाचा, आणि भाच्यानें डोळे मिटून दुसरा तोंडांत घ्यावयाचा, असा सराव होता. अक्का कांठावर घड्याळ घेऊन बसली होती. पहिल्या खेपेस अकरा सेकंद लागले, पांचव्या खेपेस चार. भाचा पाण्यावर डोकें काढून मोठ्या आशेनें तिच्याकडे पाहूं लागला. अक्कानें घड्याळावरची नजर न काढतां "पुन्हां" एवढेंच म्हटलें.